शाळेतील किती मुलांच्या पोटात जंत आहेत हे कसे मोजावे आणि पुढे काय करावे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षे शिकवले. एकदा शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला, तेव्हा आपल्या शाळेतील किती मुलांच्या पोटात जंत असतील, असे मी उपस्थितांना विचारले. एका पालकांनी ‘‘असतील दोन-तीन’’ असे उत्तर दिले, कारण त्यांच्या गल्लीतील दोन-तीन घरांत मुलांच्या शौचातून जंत पडल्याचे त्यांच्या कानावर आले होते. शेजारी बसलेल्या एका आजींनी ‘‘बाई, ल्हान पोरं हायत, सगळ्यांनाच असत्यात की’’ असे म्हणून विषय संपवला. दोन्ही उत्तरांना मोजणीचा आधार नव्हता, आणि दोन्ही उत्तरे ऐकल्यावर बैठकीला काही करावेसे वाटले नाही. प्रमाण मोजणे वाटते तेवढे अवघड नाही, आणि ते मोजले की पुढचे काम नेमके कोठे करायचे हेही कळते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांतील, तसेच हल्याळ-जोयड्याकडील मराठी कुटुंबांतील पालकांनी, शिक्षकांनी आणि समितीच्या सदस्यांनी पुढील माहिती आपापल्या गावाला लावून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

राज्याचा आकडा गावाला लावू नये

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे 150 कोटी लोकांना, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश लोकसंख्येला, मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण झालेली आहे. भारतात 1 ते 14 वर्षे वयाच्या 22 कोटींहून अधिक मुलांना या जंतांचा धोका आहे, असे सरकारी जंतनाशक कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात सांगितले गेले. येथे ‘धोका असणे’ आणि ‘जंत असणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. वर्तमानपत्रांतील बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. याच कार्यक्रमासाठी राज्याराज्यांत मुलांची शौच तपासणी झाली, तेव्हा मध्य प्रदेशात सुमारे साडेबारा टक्के, तर तमिळनाडूत 85 टक्के मुलांत जंत आढळले. एकाच देशात, एकाच पद्धतीच्या मोजणीत एवढा फरक निघतो, तो एकाच जिल्ह्यातही निघू शकतो.

याचे कारण मातीत आहे. जंताच्या अंड्याला ऊब, ओलावा आणि सावली लागते. कडक ऊन आणि कोरडेपणा यांत ते फार काळ टिकत नाही. आपल्या जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने जमीन वाळत नाही, घरांभोवती झाडी दाट आहे आणि मुले भाताच्या बांधावरून शाळेत येतात. अथणीकडचे माळ मात्र वर्षातील बराच काळ कोरडे असतात. तरीही अथणी-कागवाडच्या कृष्णाकाठच्या गावांना हा नियम सरसकट लावता येत नाही, कारण 2019 च्या ऑगस्टसारखा पूर आला की संडासाच्या खड्ड्यांतील आणि उघड्यावरील घाण पाण्याबरोबर अंगणात आणि शेतात पसरते. बेळगाव शहरालगत बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात शिरते, हे तेथील शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ‘कर्नाटकात इतके टक्के’ असा आकडा हाती आला तरी तो आपल्या शाळेचा आकडा समजू नये.

जंत पोटात पोचतो कसा

मोजणी कशाची करायची आणि का करायची, हे कळण्यासाठी जंताचा प्रवास नीट समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे ज्याला साधारणपणे जंत म्हणतात तो गोल जंत गांडुळासारखा, फिकट गुलाबी-पांढरा आणि पूर्ण वाढल्यावर 15 ते 35 सेंटिमीटर लांब असतो. तो लहान आतड्यात राहतो, आणि त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. एका मिलिमीटरमध्ये अशी पंधरा-वीस अंडी ओळीने मावतील. शौचाबरोबर ती बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यापासून लगेच कोणालाही लागण होत नाही. सावलीच्या, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिल्यावर आत अळी तयार होते, आणि मगच ते अंडे पोटात गेल्यास धोका असतो. अनुकूल मातीत असे अंडे महिनोन् महिने, काही वेळा वर्षानुवर्षेही, जिवंत राहू शकते.

गिळलेल्या अंड्यातून अळी लहान आतड्यात बाहेर येते, आतड्याचे अस्तर भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तेथे दहा ते चौदा दिवस वाढते, मग श्वासनलिकेतून वर चढून घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. दुसऱ्यांदा आतड्यात आल्यावर तिचा पूर्ण जंत होतो. अंडे गिळल्यापासून मादीने अंडी घालायला सुरुवात करेपर्यंत दोन ते तीन महिने जातात आणि जंत एक ते दोन वर्षे जगतो. फुप्फुसातील त्या दिवसांत काही मुलांना कोरडा खोकला येतो किंवा धाप लागते, आणि तो खोकला पावसाचा म्हणून सोडून दिला जातो.

या प्रवासातील एक गोष्ट मी दरवर्षी पालकांना आवर्जून सांगत असे, आणि येथेही ती ठळकपणे सांगते: गोल जंत पोटात वाढत असले तरी त्यांची संख्या पोटात वाढत नाही. मादी अंडी घालते ती सगळी बाहेर पडतात, कारण मातीत राहिल्याशिवाय त्या अंड्यांतून जंत तयार होत नाही. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात वीस जंत असतील, तर त्या मुलाने वीस अंडी मातीतून वेगवेगळी गिळलेली आहेत. त्यामुळे जंतांची संख्या सांगताना आपण खरे तर त्या मुलाच्या अंगणातील, हातांवरील आणि ताटातील माती मोजत असतो. शेजारी बसणाऱ्या मुलाला जंत असल्यामुळे आपल्या मुलाला वर्गात लगेच लागण होत नाही, त्यामुळे अशा मुलाला वेगळे बसवण्यात काहीच अर्थ नाही.

मातीतून पसरणारे आणखी दोन प्रकार आहेत. चाबूककृमी सुमारे चार सेंटिमीटरचा असतो, मोठ्या आतड्यात राहतो आणि त्याचीही अंडी तोंडावाटेच पोटात जातात. अंकुशकृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो, पण त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आणि तो आतड्याला चिकटून रक्त पितो. ज्या गावातील मुली सतत फिकट आणि थकलेल्या दिसतात, तेथे याचा विचार आधी व्हावा. सुतासारखे बारीक, पांढरे, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे कृमी मात्र या तिघांत मोडत नाहीत. ते मातीतून न पसरता नखे, अंथरूण आणि कपडे यांवाटे एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टर घरातील सगळ्यांना एकाच वेळी औषध देतात आणि दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यायला सांगतात.

लक्षणांवर विसंबू नये

‘‘बाई, पोरगं रातभर दात खातंय, जंतच झाल्यात’’ हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकले याची गणती नाही. दात खाण्याचा आणि जंतांचा ठाम संबंध आजवर सिद्ध झालेला नाही. गालावरचे पांढरट डाग जंतांमुळे पडतात ही समजूतही खरी नाही. तो बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचा सौम्य विकार असतो. गूळ, साखर किंवा पेढे खाल्ल्याने जंत होत नाहीत. अंडे गिळल्याशिवाय गोल जंत होण्याचा दुसरा मार्गच नाही. गोड बंद करून आपण मुलाला उगाच नाराज करतो आणि खरे कारण तसेच राहते.

याउलट, ज्यांच्या पोटात थोडे जंत आहेत अशा बहुतेक मुलांत काहीच लक्षण दिसत नाही. जंत फार झाले की पोटदुखी, भूक मंदावणे, मळमळ, पोट फुगणे, वजन न वाढणे आणि खाल्लेले अंगी न लागणे हे दिसू लागते, पण ही लक्षणे आणखी दहा कारणांनीही दिसतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: जंत सगळ्या मुलांत सारखे वाटलेले नसतात. साधारणपणे थोड्याच मुलांच्या पोटात बहुतेक जंत असतात आणि उरलेल्यांच्या पोटात एखाद-दुसरा असतो किंवा एकही नसतो. म्हणून ‘किती मुलांना’ या प्रश्नाबरोबर ‘कोणाला फार’ हाही प्रश्न विचारावा लागतो, कारण आतडे अडण्यासारखा धोका याच थोड्या मुलांना असतो आणि मातीत अंडीही तीच सर्वांत जास्त सोडतात.

शाळेतील प्रमाण कसे मोजावे

ही मोजणी शिक्षकांनी किंवा समितीने स्वतःच्या जोरावर करू नये. सर्वांत आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना समितीच्या ठरावासह लेखी विनंती द्यावी, आणि तिची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावी. अर्ज कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असला तर काम लवकर होते, हा माझा अनुभव आहे. केंद्रातील प्रयोगशाळेत तपासणीची सोय नसेल, तर तालुका रुग्णालयात किंवा बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागात नमुने पाहिले जातील का, हे अधिकाऱ्यांनाच विचारायला सांगावे.

दिवस निवडताना घाई करू नये. जंताची गोळी दिल्यानंतर महिन्याभरात तपासणी केली, तर जवळजवळ सगळे नमुने स्वच्छ येतील आणि शाळेला जंतच नाहीत असा खोटा दिलासा मिळेल. शाळेत सरकारी गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात; तिचा पुढचा दिवस येण्याच्या एक-दोन आठवडे आधी, म्हणजे जुलैच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या अखेरीस, नमुने घ्यावेत आणि दरवर्षी तोच महिना ठेवावा. मी स्वतः जुलै निवडेन, कारण फेब्रुवारीनंतर मुलांच्या पोटात काय नव्याने गेले हे त्या वेळी कळते.

मुलांची निवड हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. ज्यांचे पालक तयार आहेत तेवढीच मुले घेतली, किंवा रोडकी दिसणारी मुले निवडली, तर येणारा आकडा शाळेचा आकडा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीच्या पद्धतीत एका शाळेतून साधारण तिसरीच्या वर्गातील 50 मुले घेतात आणि सारख्या हवामानाच्या एका भागातून अशा पाच शाळा घेतात. आपल्या लहान शाळांत एका वर्गात 50 मुले नसतातच, म्हणून तिसरी-चौथीची सगळी मुले घ्यावीत. शाळा मोठी असल्यास हजेरीपटावरील दर चौथे नाव घ्यावे आणि ते नाव कोणत्याही कारणाने बदलू नये. प्रत्येक पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि आपल्या भाषेत, समोरासमोर बोलून घ्यावी.

आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला झाकणाची कोरडी, स्वच्छ डबी आणि एक चमचा द्यावा. शौच कागदावर किंवा कोरड्या जागी करून त्यातील सुपारीएवढा भाग डबीत भरावा, त्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नये, आणि डबीवर नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहावा. मुलांना या कामाची लाज वाटते; चौथीतील एका मुलीने आपली डबी वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून, वर दोरा बांधून आणली होती आणि ती माझ्या हातात न देता व्हरांड्याच्या टोकाला ठेवून पळून गेली होती. म्हणून डब्या ठेवण्यासाठी एक झाकलेली टोपली सावलीत ठेवावी आणि तिच्याजवळ कोणी उभे राहू नये.

नमुने त्याच सकाळी प्रयोगशाळेत पोचायला हवेत. पाहणीत वापरतात त्या काटो-काट्झ पद्धतीत छिद्राच्या पट्टीने सुमारे 42 मिलिग्रॅम शौच काचेवर घेतात, त्यातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि त्या संख्येला 24 ने गुणतात, म्हणजे एका ग्रॅममधील अंड्यांची संख्या मिळते. या काचेवर अंकुशकृमीची अंडी अर्ध्या-एक तासात दिसेनाशी होतात, म्हणून काच तयार झाल्याबरोबर पाहावी लागते. गोल जंताची अंडी नंतरही दिसतात. गोल जंतासाठी एका ग्रॅममध्ये 5,000 पेक्षा कमी अंडी म्हणजे हलकी, 50,000 किंवा त्याहून जास्त म्हणजे भारी आणि मधली म्हणजे मध्यम लागण मानतात. साध्या प्रयोगशाळेत ही पद्धत नसेल तर नेहमीच्या काचेवरही ‘अंडी आहेत की नाहीत’ एवढे कळते, पण त्यात हलक्या लागणी निसटतात. एकाच नमुन्याऐवजी लागोपाठ दोन-तीन दिवसांचे नमुने पाहता आले तर उत्तम. पोटात फक्त नर जंत असतील, किंवा जंत अजून कोवळे असतील, तर अंडी दिसणारच नाहीत, म्हणून खरे प्रमाण आलेल्या आकड्याहून थोडे अधिकच धरावे.

आकडा वाचताना संयम हवा. समजा 50 मुलांपैकी 14 मुलांच्या नमुन्यांत अंडी मिळाली, तर प्रमाण 28 टक्के आले. पण एवढ्या कमी मुलांवरून खरे प्रमाण 17 ते 42 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. त्यामुळे पुढच्या वर्षी 24 टक्के आले म्हणून सुधारणा झाली असे म्हणता येत नाही, मात्र 8 टक्के आले तर म्हणता येते. ज्या भागात 20 टक्के किंवा अधिक मुलांत जंत आहेत तेथे सर्व मुलांना वर्षातून एकदा, आणि 50 टक्क्यांहून अधिक मुलांत आहेत तेथे दोनदा गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कोणत्या मुलात अंडी मिळाली ते फक्त त्याच्या आई-वडिलांना आणि डॉक्टरांना सांगावे. वर्गात किंवा बैठकीत नाव घेऊ नये.

गोळी पोटात जाईल असे पाहावे

राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 साली सुरू झाला आणि 10 फेब्रुवारी व 10 ऑगस्ट या त्याच्या तारखा आहेत. प्रत्यक्ष दिवस शाळेत आलेल्या सूचनेवरून पाहावा. 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. दोन ते 19 वर्षांच्या मुलांना 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, तर एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी देतात. शाळेत न जाणाऱ्या मुलांना अंगणवाडीत गोळी मिळते, आणि ऊसतोडणीसाठी आलेल्या टोळ्यांची मुलेही यात येतात. कारखान्याच्या हंगामात फेब्रुवारीचा दिवस आला की कोपीवर जाऊन त्यांना बोलावून आणण्याचे काम आशाताईंबरोबर समितीनेही करावे.

एका ऑगस्टमध्ये शाळेच्या मागे जास्वंदीच्या बुंध्याशी मला सात गोळ्या सापडल्या. पावसाने त्या खडूसारख्या फुगून मऊ झाल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की घरी आलेली सूचना फक्त कन्नडमध्ये होती, ती वाचता न आल्यामुळे दोन घरांत ‘शाळेत काय देत्यात ते गिळू नको’ असे मुलांना बजावले होते, आणि बाकीच्यांनी त्या दोघांचे पाहून तसेच केले होते. तेव्हापासून आम्ही सूचनेखाली मराठीत चार ओळी जोडू लागलो: फलकावरील ‘जंतुहुळू’ म्हणजे जंत, ‘मात्रे’ म्हणजे गोळी, ती शिक्षकांसमोर चावून खायची आहे आणि घरी द्यायची नाही.

गोळी मध्यान्ह भोजनानंतर देणे सोयीचे जाते. प्रत्येक मुलाने ती चावून खाल्ल्यावर पाणी पिऊन तोंड उघडून दाखवावे. लहान मुलांना गोळी पूड न करता कधीही देऊ नये, ती घशात अडकण्याची भीती असते. दोन चमच्यांच्या मध्ये ठेवून ती अगदी पूड होईपर्यंत दाबावी, चमच्यावरच थोडे पाणी घालावे आणि मूल बसलेले असताना पाजावे, रडत असताना जबरदस्ती करू नये. त्या दिवशी ताप असलेल्या, आजारी असलेल्या किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलाला गोळी देऊ नये; काही दिवसांनी राहिलेल्यांसाठी पुन्हा दिवस ठेवलेला असतो. काही मुलांना मळमळते किंवा पोट दुखते, विशेषतः पोटात जंत जास्त असले तर. सावलीत झोपवून पाणी द्यावे, थोड्या वेळात बरे वाटते. अल्बेंडाझोल जंताला साखर शोषू देत नाही, त्यामुळे तो उपाशी मरून शौचाबरोबर पडतो. दुसऱ्या दिवशी जंत पडलेला दिसला तर घाबरू नये.

वावडिंगाचे पाणी आणि पळसपापडी आपल्या घरोघरी पूर्वापार वापरात आहेत, आणि आज्यांच्या त्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, पण ती गोळीऐवजी देऊ नयेत. किती दिल्याने किती जंत जातात, याचे माप आपल्यापाशी नाही.

ही गोळी गोल जंतावर फार चांगली चालते, चाबूककृमीवर एका गोळीचा परिणाम कमी होतो, आणि फुप्फुसात फिरत असलेल्या अळ्यांवर तर फारसा होत नाही. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की गोल जंताचे प्रमाण उपचारानंतर तीन महिन्यांनी मूळ प्रमाणाच्या 26 टक्के, सहा महिन्यांनी 68 टक्के आणि वर्षाने 94 टक्के इतके परत येते. म्हणजे आपण फक्त गोळी देत राहिलो तर वर्षभरात जवळजवळ होतो तेथेच येतो. गोळीमुळे मुलांचे वजन आणि शाळेतील गुण किती वाढतात याबाबत संशोधकांत मतभेद आहेत, आणि ते पालकांपासून लपवू नयेत; भारी लागण झालेल्या मुलाला औषधाने आराम पडतो, याबाबत मतभेद नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना गोल जंत होते. तेथे शाळांमधून नियमित शौच तपासणी आणि औषध झाले, सोबत संडास आणि खताच्या पद्धती सुधारल्या, आणि काही दशकांत हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

मातीचा रस्ता कोठे तोडावा

सर्वांत आधी संडास पाहावा. शाळेत संडास आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. मधल्या सुट्टीत त्यात पाणी असते का, कडी लागते का आणि पहिली-दुसरीची मुले आत जायला घाबरतात का, हे पाहावे. मुले परसाकडे शाळेमागच्या झुडपात जात असतील तर तीच सावलीची ओलसर माती दोन-चार आठवड्यांनी त्यांच्या खेळात येते. घरी अगदी लहान बाळाची शी निरुपद्रवी समजून अंगणाच्या कडेला किंवा उकिरड्यावर टाकण्याची सवय आहे; ती संडासातच टाकावी. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरल्यावर तो बंद करून निदान एक वर्ष, शक्यतो दीड-दोन वर्षे, तसाच ठेवावा आणि मगच ते खत शेतात, विशेषतः पालेभाजीला, घालावे.

हातांसाठी दोन वेळा पक्क्या कराव्यात: शौचानंतर आणि अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतील मध्यान्ह भोजनाच्या, आधी. नळ एक आणि मुले दीडशे असतील तर घंटेनंतर पाच मिनिटांत कोणीही साबणाने हात धुऊ शकत नाही. आम्ही प्लास्टिकच्या कॅनला खालच्या बाजूला बारीक छिद्रे पाडून ते कॅन बांबूला ओळीने टांगले आणि साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी बांधली, म्हणजे ती पळवली जात नाही आणि मातीत पडत नाही. नखांची तपासणी सोमवारी प्रार्थनेच्या वेळी करावी. नखाखालची ती काळी चंद्रकोर फक्त पाण्याने जात नाही, कारण जंताच्या अंड्याचा बाहेरचा थर चिकट असतो. नख कापणे हाच उपाय आहे.

भाजीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा. मीठ, व्हिनेगर किंवा पोटॅशच्या गुलाबी पाण्यात भाजी बुडवल्याने जंताची अंडी मरत नाहीत, आणि पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीननेही मरत नाहीत. ती मरतात उकळण्याने आणि शिजवण्याने. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांना वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि शक्य असेल तेथे साल काढावी. कोथिंबिरीच्या मुळाशी माती असते, म्हणून ती मुळे कापून, पाने सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढावीत. अंकुशकृमीसाठी चप्पल हवी. भातलावणीच्या दिवसांत मुले अनवाणीच असणार हे मला ठाऊक आहे, पण निदान संडासाच्या वाटेवर आणि झाडीत चप्पल घालायला लावावी.

दवाखाना केव्हा गाठावा

मुलाला थांबून थांबून तीव्र कळा येत असतील, पोट फुगून कडक झाले असेल, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले असतील, उलटीत हिरवे पित्त किंवा जंत पडत असतील, तर जंतांच्या गाठीने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी जंताची गोळी किंवा एरंडेल देऊ नये, आणि गावातल्या गावात वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. उजव्या बरगडीखाली तीव्र दुखणे आणि डोळे पिवळे होणे हेही तितक्याच तातडीचे आहे, कारण जंत पित्तनलिकेत शिरू शकतो. शौचातून रक्त जात असेल किंवा मूल फार फिकट दिसत असेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गोळीबरोबर लोहाची गरज आहे का, ते डॉक्टर सांगतील.

मोजणीची नोंद

समितीच्या वहीत पुढील गोष्टी एका पानावर लिहून ठेवाव्यात: नमुने घेतल्याची तारीख, त्याआधीची गोळी कधी दिली ती तारीख, किती मुले निवडली, किती नमुने आले, किती नमुन्यांत कोणत्या जंताची अंडी मिळाली आणि त्यांतील किती लागणी भारी होत्या. त्याखाली त्या वर्षी शाळेत आणि वाडीत काय बदलले ते लिहावे, जसे संडासाला पाणी आले किंवा नवे कॅन टांगले. हे पान मराठीत आणि कन्नडमध्ये असे दोन्ही भाषांत लिहावे, म्हणजे आईलाही वाचता येईल आणि बदलून आलेल्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही. पुढच्या जुलैत त्याच वर्गाचे नमुने घ्यायला जाताना ही वही बरोबर न्यावी.